कावळा शिवला, आता नोकरीचं काय?

मु. आंबेकोंड, तालुका श्रीवर्धन, जिल्हा कुलाबा
घटस्थापनेनंतरचा मंगळवार, सन १९५९

मुंबईत गिरणीतल्या मागांचं अख्खं साळखातं ज्यांच्या धाकात चालतं आणि आंबेकोंडात पोरांना ज्यांचं नाव सांगून शाळेत हाकलतात, त्या वडीलबंधू तीर्थस्वरूप बाळाजीदादा जॉबर यांच्या पायांवर धाकटा चुलतभाऊ धर्माजी डोकं ठेवतो. (दहाव्याला भादरल्यामुळे ते ठेवायला सध्या हलकं आहे.) तुमचा खोकला कसा आहे? खानावळीचं जेवण सोसतं का? रात्रपाळीने डोळे चुरचुरत असतील तर गाईच्या दुधाची पट्टी ठेवा असं काकी सांगते; मुंबईत गाय कुठून आणायची ते मात्र ती सांगत नाही. इकडे सगळे खुशाल आहेत, म्हणजे जे मागे राहिले ते. गिरणी तुमच्यावाचून एक पाळीसुद्धा चालत नाही, म्हणून वडिलांच्या दहाव्याला येणं होत नाही, धर्माने तुमच्या जागी क्रिया करावी, असं तुमचं कार्ड आलं. ते काकीने आधी पोस्टमनकडून वाचून घेतलं, मग शाळेच्या मास्तरांकडून, मग माझ्याकडून, आणि तिन्ही वेळा मजकूर तोच निघाला तेव्हा कुठे तिला पटलं. आता ती पदराने डोळे पुसते आणि लगेच मान ताठ करून आल्यागेल्याला सांगते, "माजा बाळाजी उटला तर गिरनी बंद पडंल."

हे पत्र काकी शेजारी बसून लिहवून घेते आहे आणि थोडं लिहून झालं की वाचून दाखवायला लावते आहे. मी आपल्या नेहमीच्या सवयीने 'बाळाजी, तू' अशी सुरुवात केली होती, तो कागद तिने चुलीत घातला. "जॉबराला अरेतुरे करतोस व्हय?" म्हणाली. म्हणून तुम्ही. (कंसातलं मी तिला वाचून दाखवत नाही, तेव्हा कंसात तू आणि मी पहिल्यासारखेच. पण म्हातारी हुशार आहे. टाक किती वेळ चालला आणि तोंड किती वेळ चाललं याचा ती मनात मेळ घालते, म्हणून कंस आखूड ठेवावे लागतात.) दादूकाकांचा दहावा कसा पार पडला, कावळा कसा शिवला आणि त्या वेळी तुमच्या नावाने काय कबूल केलं गेलं, ते सगळं इत्थंभूत लिही अशी तिची आज्ञा आहे. ते लिहायचं तर आधी मी कावळ्यांच्या धंद्यात कसा पडलो ते सांगायला हवं. गिरणीतला माणूस कावळे राखायला कसा लागतो हा प्रश्न मलाही अजून सुटलेला नाही, पण घडलं ते असं.

आमच्या गिरणीने दार लावलं आणि मी शिमग्याला घरी आलो, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्या वेळी गाव म्हणालं, धर्मा रजेवर आला. मीही तसंच म्हणालो, कारण होळीच्या माळावर उभं राहून 'मी रिकामा झालो' असं ओरडायची आपल्याकडे रीत नाही. पालखी दारात आली तेव्हा चाकरमान्याच्या मानाने मला पुढे घेतलं, नाचवलं, माझ्या खांद्यावर दांडा दिला. अक्षयतृतीयेला गाव म्हणालं, रजा जरा लांबलेली दिसते. आगोटीला, म्हणजे पावसाळ्याची बेगमी करायच्या वेळेला, गाव काहीच म्हणेनासं झालं. माझी चौकशी करायचं सोडून लोक माझ्या पायांतल्या चपलांकडे बघायला लागले, अजून मुंबईच्याच आहेत का म्हणून. त्या तुटल्या त्या दिवशी माझी रजा संपली असं सगळ्यांनी एकमताने ठरवलं. चार गुंठे भात आहे ते जनी आणि मी नवराबायकोने लावलं, पण तेवढ्या भातावर माणसं जगत असती तर आपल्या आज्या-पणज्यांनी मुंबई शोधून काढलीच नसती.

मी हातपाय हलवले नाहीत असं कोणी म्हणू नये. माणगावपर्यंत जाऊन यष्टीत कंडक्टर होता येईल का ते विचारून आलो. सातवी पास लागतो. मी चौथीला थांबलो, कारण चौथीनंतर गावात शाळाच नव्हती. मग बोर्लीच्या बाजारात मोहनशेठच्या किराणा दुकानात पुड्या बांधायला लागलो. काम बरं होतं, सावलीत होतं, आणि शेठ दुपारी चहाही द्यायचा. पण दादा, तुम्हाला सांगायला नको, साळखात्यात इतकी वर्षं काढल्यावर माणसाला हळू बोलता येत नाही. त्या खडखडाटात शेजारच्या मागावरच्याला हाक मारायची तर ओरडून नाही तर हातवारे करून. आता मला घरातसुद्धा जनी म्हणते की तुम्ही पाणी मागता तेव्हा शेजारी तांब्या घेऊन येतात. दुकानात शेठ आतून पुडी द्यायचा आणि मी फळीवरून हाक द्यायचो, "खरजेची पूड कुणाला हवी होती?" बाजार भरलेला. पुडी घ्यायला कोणी पुढे येईना. एका सकाळी मी अशीच जुलाबाच्या औषधाची हाक दिली, ते घेणारे गृहस्थ गावचे पंच निघाले आणि ते पिशवी टाकून गेले. शेठ वाईट माणूस नाही. त्याने हात जोडले आणि म्हणाला, "धर्माभाई, माणूस तू सारो छे, पण तुझा गळा आपल्या दुकानाला लई मोठा पडते." मी त्याला ओरडूनच म्हणालो की बरं आहे.

नंतर श्रीवर्धनला सुपारीच्या वाडीत गेलो. तिथले गडी एका पोफळीवर चढतात, शेंड्याला झोके घेतात आणि तसेच दुसरीवर जातात, खाली उतरायची भानगड नाही. मला वाटलं, माणसंच आहेत, आपणही माणूस आहोत. चढलो. वर पोहोचल्यावर झोका घ्यायची वेळ आली तेव्हा मी पोफळीला मिठी मारली आणि डोळे मिटले, ते खालून दोर येईपर्यंत उघडले नाहीत. मालकाच्या घरची बायकामाणसं जेवणं टाकून बघायला आली होती. त्यातल्या एका म्हातारीने खालून विचारलं, "अरे, तुझं लग्न झालंय का?" मी वरून हो म्हणालो, तर ती म्हणाली, "मग उतर बाबा." त्या वाडीतले लोक अजून रस्त्यात भेटले की हसून विचारपूस करतात, पण कामाला बोलावत नाहीत.

आता जनीचं लिहितो. (हे काकीला ठाऊक आहे, तरी तिच्यासमोर मोठ्याने वाचवत नाही, म्हणून कंसात.) (श्रावणात मोरू मुकादम येऊन गेला. तो पेणकडच्या मिठागरांसाठी टोळी जमवतो. दिवाळी झाली की न्यायचं आणि पाऊस पडेपर्यंत ठेवायचं. जनीने मला न विचारता त्याला हो सांगितलं. "तुमी या न्हायतर ऱ्हावा, मी पोरीला घेऊन जात्ये," म्हणाली. काशी अजून कडेवर आहे. जनीची बहीण ठमी गेल्या साली तिथून परत आली, तिचे पाय मी बघितले आहेत. खाऱ्या पाण्याने टाचा अशा फाटल्या की ती अंगणातून घरात यायला भिंत धरते. मला जनीवर रागवायचं होतं, ते राहिलं. रागवायलासुद्धा माणसाला कामधंदा असावा लागतो.)

काकी म्हणते, कंस फार लांबला. तेव्हा कावळ्यांकडे येतो.

हरिहरेश्वराला देवळाच्या मागे समुद्रावरच्या खडकावर लोक पिंड ठेवतात हे तुम्ही पाहिलं आहे. तिथल्या भटजींची, आत्मारामभटांची, एक अडचण होती. देवळामागे पत्रावळी पडतात, कोळीवाड्यात मासळी वाळत असते, त्यात गावोगावहून येणाऱ्यांचे पिंड. कावळे सकाळीच जेवून सुस्त होतात. मग यजमान उन्हात हात जोडून उभे, बायकामुलं घरी उपाशी, आणि कावळे झाडावर बसून पंख साफ करतात. मेलेल्याची इच्छा राहिली असेल म्हणून लोक रडतात, भटजी घामाघूम होतात आणि पुढचा यजमान खोळंबतो. तेव्हा आत्मारामभटांना असा एक माणूस हवा होता की जो पहाटेपासून कावळ्यांना कशालाही चोच लावू देणार नाही, म्हणजे पिंडाच्या वेळी ते भुकेने धावत येतील. मोठा गळा आणि गोफण, एवढंच भांडवल. मी गेलो आणि एकदाच ओरडून दाखवलं. देवळातले दोन यात्रेकरू खाली बसले. भटजी म्हणाले, उद्यापासून ये. मोबदला म्हणून क्रियेच्या शिध्यातले तांदूळ आणि अर्धा नारळ. धर्मशाळेच्या ओट्यावर झोपायचं आणि आठवड्याने डोंगर ओलांडून तांदूळ घरी पोचते करायचे. जनीने पहिल्यांदा त्या तांदळाची पुरचुंडी दाराबाहेर ठेवली. संध्याकाळी काशी रडायला लागली तेव्हा ती गुपचूप आत घेतली आणि भात शिजवला. आम्ही दोघांनी एकमेकांकडे न बघता खाल्ला.

कामात मला गोडी लागली होती हे खोटं कशाला सांगू. हाताखाली माणसं कधी आली नाहीत, कावळे तर आले. पहाटे ते झाडावरून उतरले की मी कोळीवाड्यात, तिथून उडाले की मी पत्रावळींपाशी. माझ्या पोटात काही नसायचं आणि त्यांच्याही पोटात मी काही जाऊ द्यायचो नाही, त्यामुळे आमचं एकमेकांना बरोबर समजायचं. उपाशी कावळा कसा बघतो ते मला पक्कं कळलं. तो पिंडाकडे बघत नाही, पिंडाशेजारच्या माणसाकडे बघतो, हा किती वेळ उभा राहणार म्हणून. (मोहनशेठच्या दुकानाबाहेर मीही तसाच उभा राहून बघतो असं जनी म्हणाली.) भटजींचे यजमान खडकावर आले की डोळ्यांचं पातं लवतं न लवतं तोवर मोकळे व्हायला लागले. आमच्या हरिहरेश्वराला मेलेला माणूस अडकत नाही असं नाव झालं.

अशात भाद्रपदात दादूकाका गेले. ताप दोन दिवसांचा. तुमचं नाव घेतलं, पाणी मागितलं आणि गेले, त्रास झाला नाही. काकांनी मला लहानपणापासून तुमच्यात आणि माझ्यात फरक न करता वाढवलं, माझा बाप गेल्यावर मला मुंबईला तुमच्याकडे पाठवलं तेही त्यांनीच. मला त्यांचं फार वाईट वाटलं आणि अजून वाटतं आहे. पण सुतक आलं ते मलाही आलं. दहा दिवस खडकावर पाऊल टाकता येईना. माझ्या जागी दुसरा माणूस नाही, त्यात पितृपंधरवडा सुरू झालेला. कोकणातल्या प्रत्येक घराने छपरावर पान ठेवलेलं, खीर, वडे, भाजी, आणि माझ्या कावळ्यांना अडवणारं कोणी नाही. जे इतके दिवस मी उपाशी ठेवून वळणावर आणले होते ते त्या दिवसांत वड्यांवर इतके तुटून पडले की दहाव्याला आम्ही खडकावर पोचलो तेव्हा त्यांना उडायचासुद्धा कंटाळा आला होता. मी बघितलं. दुसऱ्या कोणाला कळलं नसतं, मला कळलं. आज हे हलायचे नाहीत.

पिंड ठेवला. शेजारी काकांच्या आवडीची विडी आणि बशीत चहा. मी, भावकीतली मंडळी, आपला शेजारी विठोबा, मुंबईहून आलेला आपल्या गावचा सदा, आणि काकी. बायका तिथे येत नाहीत, पण काकी डोंगर चढायला लागली तेव्हा तिला अडवायची हिंमत कोणाला झाली नाही. कावळे झाडावर. एक खाली उतरला, चहाच्या बशीकडे मान वाकडी करून बघितलं आणि परत गेला. ऊन चढायला लागलं. आत्मारामभट म्हणाले, मृताची काही इच्छा राहिली असेल तर बोला. झालं, भावकीला तेवढंच हवं होतं. त्या क्षणापासून खडकावर जो उठेल तो तुमच्या नावाने शब्द द्यायला लागला. बाळाजी घरावर नवी कौलं घालील. कावळा ढिम्म. बाळाजी विहीर खणील. ढिम्म. बाळाजी म्हातारीला काशीयात्रेला नेईल, बाळाजी देवीचा गोंधळ घालील, बाळाजी सगळ्या भावकीला गोडाचं जेवण देईल. त्यानंतर विठोबा पुढे झाला, हात जोडले, गळा दाटून आणला आणि म्हणाला, "दादू, तुजा जीव त्या बांधावरच्या फणसात अडाकला आसंल तर सोड. बाळाजी त्यो फणस मला द्येईल." फणसावरून काका आणि विठोबा गेली वीस वर्षं बोलत नव्हते. कावळ्याने पाठ फिरवली. मला एवढ्या दुःखातसुद्धा हसू आलं, आणि हसू आल्याचं रडू आलं. मी माझ्या चाकरीच्या आड आलेल्या वड्यांना शिव्या देतो आहे की काकांसाठी रडतो आहे ते माझं मलाच कळेना.

आत्मारामभट दर्भाचा कावळा करायला बसले. खरा कावळा शिवला नाही तर दर्भाचा करून शिवतात हे शास्त्रात आहे, पण गावात त्यावर पिढ्यान्‌पिढ्या बोललं जातं. दादूकाकांसारख्या माणसाला दर्भाचा कावळा! भटजी मला हळूच म्हणाले, "धर्मा, तू तरी काही बोल. तू क्रियेला बसला आहेस." मी बोललो नाही. सगळे माझ्याकडे बघत होते आणि मी खाली खडकाकडे बघत होतो. (का बोललो नाही ते तुला सांगेन.) तेव्हा काकी उठली. लाटांचं पाणी तिच्या पायांपर्यंत येत होतं. तिने झाडाकडे बघून, काका ओट्यावर बसलेले असताना ज्या आवाजात बोलायची त्याच आवाजात म्हटलं, "अवो, ऐकलात का? आपला ह्यो धर्मा कामाबिगर हाय. शिमग्यापासनं वणवण करतोय. त्याला बाळाजी कामाला लावंल, गिरनीत, आपल्या हाताखाली. मी सांगत्ये न्हवं? आता तरी येवा."

आणि कावळा आला, दादा. झाडावरून सरळ उतरला आणि पिंडाला चोच लावून घास घेऊन गेला. मागोमाग दुसरे आले. काकी खाली बसली आणि तेव्हा मोठ्याने रडली, दहा दिवसांत पहिल्यांदा. भावकी माझ्याकडे बघायला लागली. विठोबाने तर फणसाच्या दुःखात मला विचारलं, "तूच शिकवून ठेवला व्हतास न्हवं?"

इथून पुढचं माझं नशीब. शेजारच्या खडकावर म्हसळ्याकडचे लोक त्यांच्या पिंडाचा खोळंबा करून उभे होते. त्यांच्यातला एकजण म्हणाला, "अवो, ह्योच तर कावळ्यांचा राखणदार. सोताच्या नोकरीसाटी पाळलेला कावळा सोडला ह्यानं." दुसऱ्या दिवशी ही गोष्ट श्रीवर्धनच्या स्टँडवर पोचली, तिसऱ्या दिवशी बोर्लीच्या बाजारात. आत्मारामभटांकडे यजमान येऊन विचारायला लागले की आमच्या वडिलांना शिवलेला कावळा खरा होता की धर्माजीचा? भटजी मला ओट्यावर बोलावून म्हणाले, "धर्मा, तुझ्यावर माझा राग नाही. पण लोकांचा माझ्या कावळ्यांवरचा विश्वास उडाला तर मी काय करू?" त्यांनी जाताना शिध्याचे तांदूळ नेहमीपेक्षा जास्त दिले आणि गोफण ठेवून घेतली. तात्पर्य, नोकरी लावून द्यायचं वचन मिळालं म्हणून हातातली नोकरी गेली.

तर बाळाजीदादा, काकीचं म्हणणं असं आहे. कावळा शिवला म्हणजे काकांनी ते ऐकलं आणि कबूल केलं. आता तुम्ही शब्द पाळला नाही तर काकांना पुढची वाट मिळायची नाही आणि ते त्या खडकावर तिष्ठत राहतील. ती रोज पोस्टमनच्या वेळेला बांधावर जाऊन उभी राहते. जनीनेही मोरू मुकादमाला निरोप धाडला आहे की दिवाळीपर्यंत आमची नावं पक्की धरू नको, मुंबईहून पत्र यायचं आहे. तेव्हा तुमच्या खात्यात, नाही तर ओळखीच्या दुसऱ्या कोणत्या खात्यात, झाडूवाला म्हणून का होईना, मला चिकटवून घ्यावं. उत्तर काकीच्या नावाने टाकावं, म्हणजे तिला ते तीन माणसांकडून वाचून घेता येईल. वडीलधाऱ्यांना दंडवत, खोलीतल्या मंडळींना रामराम. काशी तुमचा पापा घेते असं लिही म्हणून जनी सांगते.

आपल्या शब्दावर डोळे लावून बसलेला,
धर्माजी

ता. क. काकी सांगते, दरसाल गणपतीला गिरणीच्या कापडाचा तुकडा पाठवत होतात तो यंदा आला नाही. कामाच्या धबडग्यात राहिला असेल तर हरकत नाही, पण तिच्या अंगावरचं लुगडं विरलं आहे. आणि पावशेर खडीसाखर.

ता. क. कोंबड्या वाळवणात शिरल्या, काकी उठून गेली. बाळाजी, आता कंस नको. दहाव्याच्या पहाटे डोंगर चढताना सदा मुद्दाम मागे राहिला आणि त्याने मला सगळं सांगितलं. तुझं खातं शिमग्याच्या आधीच बंद झालं, माझ्या गिरणीच्याही आधी. तू भुसारी बाजारात हातगाडी ओढतोस आणि त्याला पाहून पोत्यांच्या मागे झालास. खोली सोडलीस, गाडीवरच झोपतोस, पत्रं तेवढी जुन्या खोलीवर जाऊन आणतोस. बापाच्या दहाव्याला आला नाहीस ते रजा नाही म्हणून नव्हे, अंगावर घालून यायला धड सदरा नाही म्हणून. तोपर्यंत मला तुझा भयंकर राग आला होता. बाप गेला आणि ह्याला गिरणी सुटत नाही, असं मी जनीला म्हणालो होतो. सदाने सांगितलं आणि राग गेला. खडकावर मी गप्प होतो तो म्हणून. जी नोकरी तुझ्याकडेच नाही ती तुझ्या नावाने काकांना कशी कबूल करायची? काकीने केली आणि कावळा आला. मी कावळ्यांना ओळखतो, ते पोटासाठी येतात, बहुधा त्या वेळी त्यांचे वडे जिरले असतील. तरी माझ्या मनात येतं की काकांना वर गेल्यावर तुझं-माझं सगळं कळलं असेल. काकी गिरणी म्हणाली ते त्यांनी सोडून दिलं असेल, आणि 'बाळाजी धर्माला आपल्यापाशी घेईल' एवढंच ऐकून आले असतील.

तर मागणं हे. हातगाडीला पुढे ओढायला एक आणि मागे रेटायला एक लागतो आणि तुझ्या मागचा माणूस सारखा बदलतो, असं सदा म्हणाला. मला घे. जनीला मी खरं सांगितलं आहे. ती म्हणाली, हातगाडी तर हातगाडी, काशीला मिठात न्यायला नको. भावजींना लिहा, लाजू नका म्हणावं. काकीला तू एवढंच कार्ड टाक की धर्माला जागा झाली, पाठवून द्या. ते खोटं नाही. कापडाचं बघू, दोघं मिळून घेऊ.

ता. क. काकी परत आली आहे आणि विचारते आहे, "इतकं काय लिवतोस त्याला?" तब्येतीला जपायला लिहितोय असं मी सांगितलं. तर जप. मी येईपर्यंत चढावर गाडी एकट्याने ओढू नकोस.